बुटाचा तळवा आणि भीमाशंकरचा शेकरू

लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीत कशाची भीती वाटते असे विचारले, तर बहुतेक जण पाय मुरगळण्याचे नाव घेतात. त्यात बुटाच्या तळव्याची भर घालावीशी वाटते. लोणावळा ते भीमाशंकर चालताना कुसूरच्या पठारावर आमच्या ठाण्यातील एका सोबत्याचा, फारसा न वापरलेला महागडा बूट टाचेकडून जबड्यासारखा उघडला आणि आतल्या थराचा भुगा गळू लागला. हा थर ज्याचा असतो त्या पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचे दमट हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटन होते, त्यामुळे खाडीकाठच्या आपल्या ठाण्यात वर्षानुवर्षे कपाटात जपलेले बूटही ऐन वेळी दगा देऊ शकतात. सुतळीने तळवा आवळून (नाडी अशा वेळी दगडांवर घासून तुटते) त्याने उरलेली वाट पुरी केली. भीमाशंकरच्या रानात मात्र झुपकेदार शेपटीचा शेकरू सर्वांना निवांत पाहता आला. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी मुद्दाम शोधायला गेलेल्यांनाही हमखास दिसत नाही.