बंदिशींच्या वह्या कुणाच्या: मुलांच्या की शिष्यांच्या?

लष्करवासी
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीतले ग्वाल्हेर घराण्याचे एक बुजुर्ग गवई गेले. मृत्युपत्र नाही. घर आणि एफडीची वाटणी झाली. बंदिशींच्या, म्हणजे रागांत बांधलेल्या रचनांच्या वह्या, तंबोऱ्यांची जोडी आणि कॅसेटींचं कपाट तसंच पडून आहे. तीन भावंडं तीन गावांत. माझं मत स्पष्ट आहे: गाणाऱ्याने हयातीतच लिहून ठेवावं की हे सगळं एकाच माणसाकडे जाईल, आणि तो शिष्यच असावा. मुलांना यमन आणि भूप हे रागही वेगळे ओळखता येत नसतील, तर टप्प्यासारख्या अवघड गानप्रकाराच्या वह्या घेऊन ती करणार काय?

गवयाचा मुलगा
वाचून राग आला. आमच्या घरी शिष्य दुपारी यायचे, रात्री जेवून जायचे. आईने त्यांचं केलं, आम्ही बाहेरची खोली सोडून स्वयंपाकघरात अभ्यास केला. बाबांच्या आजारपणात रात्री कोण जागलं? गाणं येत नाही म्हणून हक्क नाही, हा कुठला न्याय? ग्वाल्हेरच्या जीवाजीगंजातलं सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं घर आज 'सरोद घर' म्हणून उभं आहे, ते त्यांच्या मुलामुळेच.

लष्करवासी
दादा, तो मुलगा म्हणजे अमजद अली खाँ. स्वतः सरोदिये. माझाच मुद्दा झाला की!

वकीलकाका
वही कुणाकडे आणि त्यातल्या रचनांचा हक्क कुणाकडे, हे दोन प्रश्न आहेत. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि आई असल्यास आई, सगळ्यांना सारखा वाटा. गंडाबंध शिष्य, म्हणजे गुरूने विधिपूर्वक धागा बांधून स्वीकारलेला शिष्य, वारसांत येतच नाही. पुढे एखादी बंदिश कंपनीला द्यायची म्हटली की सगळ्यांच्या सह्या गोळा करत बसा.

हक्क टिकतो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ग्वाल्हेर घराण्याचे गायक पं. कृष्णराव शंकर पंडित १९८९ मध्ये गेले. त्यांच्या स्वतःच्या रचनांवरचा हक्क २०४९ अखेरपर्यंत. गाणाऱ्याचा आपल्या गायनावरचा हक्क वेगळा, तो ५० वर्षांचा: २०१० मधली मैफल असेल तर २०६० अखेरपर्यंत.

मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही आणि दोन साक्षीदार पुरतात. एक मात्र सांभाळा. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्राने कुणाला दिलं आणि वेगळं काही लिहिलं नाही, तर कॉपीराइटही त्याच्याबरोबर जातो. वही शिष्याला आणि मानधन मुलांना, असं मनात असेल तर तसं स्पष्ट लिहा.

शिष्या
काका, कायदा पटला. पण गुरुजींसमोर मृत्युपत्राचा विषय काढायचा कुणी? आणि वह्यांतल्या निम्म्या बंदिशी अठराव्या शतकातल्या सदारंग-अदारंग या रचनाकारांच्या; त्या कुणाच्याच मालकीच्या नाहीत. संगीतशास्त्री भातखंडेबुवांनी गावोगावी फिरून बंदिशी गोळा केल्या, छापल्या, म्हणून आज कुणालाही शिकता येतात. सगळं स्कॅन करून खुलं करा.

गवयाचा मुलगा
ताई, बाबांनी काही चिजा, म्हणजे बंदिशी, मुद्दाम छापू दिल्या नाहीत. समोर बसून शिकेल त्यालाच मिळतील, हे त्यांचं म्हणणं होतं. ते गेले म्हणून ते मोडायचं?

शिष्या
मोडू नका. पण न शिकवलेली चीज कपाटात राहिली, तर समोर बसून शिकवणार कोण?

लष्करवासी
काल त्या घरी कपाट उघडलं. वर गुरुजींच्या अक्षरात 'बिहागडा, तिलवाडा' असं राग-तालाचं नाव लिहिलेल्या कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी आहे. एका स्पूलला, म्हणजे जुन्या टेपच्या रिळाला, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतोय, म्हणजे फीतच खराब व्हायला लागली आहे. वाद चालू दे, पण जाणकाराकडून आधी डिजिटल प्रत करून घ्यायला लावा. मी तिघांना फोन करतेय.

गवयाचा मुलगा
प्रत करायला माझीही ना नाही. मूळ कॅसेट मात्र घराबाहेर जाता कामा नये, आणि प्रत कुणाकुणाला द्यायची हे मुलंच ठरवतील.