पर्यटकांच्या गर्दीत आपली रोजची गाडी: अनुभव लिहा

मळवलीकर
धाग्याला निमित्त मागचा रविवार. मी पिंपरीतल्या एका रुग्णालयात परिचारिका, राहायला मळवलीला. जुलै-ऑगस्टात रविवारची रात्रपाळी लागली की पोटात गोळा येतो. संध्याकाळची पुण्याकडची लोकल लोणावळ्याहून सुटते आणि मळवली लगेच पुढचं स्टेशन. म्हणजे भुशी धरणावर भिजलेलं अख्खं पुणे आधीच आत बसलेलं. आमच्या फलाटावर लोहगड-विसापूर करून आलेले, गुडघ्यापर्यंत चिखलाचे. परवा दारात एक पाय टेकण्यापुरती जागा मिळाली. आत कुणाचा तरी स्पीकर, ओल्या जीन्सचा कुबट वास, पायाखाली खाऊन टाकलेली कणसं. तळेगावला लोक जरा सरकले तेव्हा दुसरा पाय टेकला. गणवेश आता पिशवीत नेते, तिकडे जाऊन बदलते. शनिवारची रात्रपाळी असेल तर रविवारी सकाळी परतताना हीच मंडळी कोरडी भेटतात.

तुमच्याकडे काय? बस, फेरी, लोकल, काहीही लिहा. ‘पर्यटकांनी येऊच नये’ हा वाद मात्र नको. माझा सख्खा भाऊ भाजे लेण्यांच्या वाटेवर कणसं भाजून विकतो.

हर्णैचा
आमच्याकडे पर्यटक एसटीत चढतच नाहीत, तरी एसटी अडते ती त्यांच्यामुळेच. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुरूडच्या रस्त्यावर या. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट आणि समोरून ओळीने मोठ्या मोटारी. मागे घ्यायची सवय कुणालाच नाही. कंडक्टर खाली उतरून ‘घ्या, घ्या, अजून घ्या’ करत एकेकाला मागे नेतो. मागच्या वर्षी अर्धा तास तसेच उभे होतो. शेजारच्या मावशींच्या टोपलीतल्या बर्फाचं पाणी माझ्या चपलेत.

दस्तुरीपलीकडचा
माथेरान. दस्तुरी नाक्यापुढे मोटार नाही, त्यामुळे अमन लॉज स्टेशनवरून गावात येणारी छोट्या रेल्वेची शटल हाच आमचा आधार. वडिलांना कर्जतला डॉक्टरकडे दाखवून परत आलो, शनिवार दुपार. तिकिटाची रांग बघून वडील म्हणाले, चल, चालत जाऊ. वय 74. लाल मातीतून बसत-उठत दीड तास लागला. आता ई-रिक्षा आल्यात, पण शनिवारी तिथेही रांगच. हेही खरं की पर्यटक नसते तर शटलच्या इतक्या फेऱ्या झाल्या नसत्या. मे महिन्यात शिव्या घालतो आणि त्याच महिन्याच्या कमाईवर पावसाळा काढतो.

दिवाडी
गोवा. जुन्या गोव्याहून आमच्या बेटावर फेरीबोटीने यावं लागतं. ऑगस्टात बोंदेरा, म्हणजे झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवसाचं सोडा, आम्हालाही तो हवाच असतो. पण एरवीच्या रविवारीसुद्धा धक्क्यावर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या लागलेल्या. चार-पाच चढल्या की फेरी भरली. मामेभावाच्या लग्नाचा केक दोन फेऱ्या धक्क्यावर उन्हात बसला होता.

क्योतोवाला पुणेकर
जपान. इथे क्योतोत बसमध्ये मागून चढतात, पुढून उतरतात आणि उतरताना 230 येन भरतात. आता मधल्या वाटेत चार मोठ्या सुटकेसा उभ्या करा. 206 नंबरच्या बसमध्ये मी कडेवर पोर घेऊन ‘सुमिमासेन, सुमिमासेन’ (माफ करा, माफ करा) करत पुढे पोचेपर्यंत दोनदा थांबा चुकलाय. बसचा एक दिवसाचा पास शहराने बंद केला, विक्री 2023च्या सप्टेंबरअखेर थांबली. 2024च्या जूनपासून शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी वेगळी जलद बस आहे, 500 येनची. आमच्या गल्लीतल्या आजी तरीही भरलेल्या दोन बस सोडतात आणि तिसरीत चढतात. तक्रार करताना ऐकलं नाही. माझ्या तोंडी मात्र तक्रार शोभत नाही. पहिल्यांदा आलो तेव्हा तोच पास घेऊन दिवसभर हिंडलो होतो, पाठीवर सॅक लावून.

भटक्या
मळवलीकरताई, तो चिखलवाला मीच असेन. दर रविवारी कुठला तरी गड असतो. दारात उभे राहतो कारण अंग ओलं, आत बसलेल्यांना नको वाटतं. आम्ही नेमकं काय करावं?

मळवलीकर
ओले तर ओले, आत सरका. सॅक पाठीवरून काढून पायाशी ठेवा. आणि लोणावळ्याला चढलात तर मळवलीला फलाट डावीकडे की उजवीकडे ते बघून दार मोकळं करा, तिथे रात्रपाळीच्या आम्ही चौघी असतो.