नवीन वस्तीत चर्च कुठे शोधायचं? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-४०२: नमस्कार सगळ्यांना. आम्हाला इथे राहायला येऊन चार महिने झाले. एक विचारायचं होतं, ग्रुपवर चालेल ना? आम्ही ख्रिस्ती आहोत. माझं माहेर मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ), सासर कॅथलिक. आधी राहायचो तिथे दोन्ही चर्च पायी अंतरावर होती. इथे नकाशावर शोधलं तर निम्म्या ठिकाणी बांधकाम चाललंय आणि दिलेले फोन लागत नाहीत. सासूबाई दर रविवारी मोबाइलवर जुन्या चर्चची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, लावून बसतात. बायबलमधल्या शुभवर्तमानाचं वाचन सुरू झालं की खुर्चीचा हात धरून उभ्या राहतात. गुडघे दुखतात, तरीही. समोर काय, तर फुलदाणीला टेकवून ठेवलेला मोबाइल. मला ते बघवत नाही. कोणाला काही माहीत असेल तर प्लीज सांगा.

सचिव: ताई, चालेल का काय विचारता? ग्रुप त्यासाठीच आहे.

सी-२०५: वहिनी, मी ख्रिस्ती नाही, पण सकाळी फिरायला जातो म्हणून सांगतो. पाण्याच्या टाकीमागे जी नवीन शाळा झालीये, तिच्या हॉलमध्ये रविवारी साडेआठच्या सुमारास लोक जमतात. गाणी ऐकू येतात. तीस-चाळीस माणसं तरी असतील, लहान मुलं पण असतात.

डी-६०४: दादा, ती आमचीच मंडळी! ताई, या ना. प्रोटेस्टंट उपासना असते, आपल्या भाषेत. मुलांची संडे स्कूल त्याच वेळेला शेजारच्या वर्गात भरते.

ए-१०३: सूनबाई, तुमच्या सासूबाईंसाठी मी सांगतो. मी कॅथलिक आहे, आधीच्या ठिकाणी धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या भागाच्या, कौन्सिलवर होतो. आपल्याकडे चर्च निवडायचं नसतं, पत्त्यावरून ठरतं. १९८३ च्या कॅनन लॉमध्येच, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातच, आहे की धर्मग्राम सहसा प्रदेशावरून ठरतो, त्या हद्दीतले सगळे श्रद्धावंत त्याचे. म्हणजे तुम्ही राहायला आलात त्या दिवशीच कोणत्या तरी फादरांच्या झालात, फक्त त्यांना अजून कळलेलं नाही. आपला भाग जुन्या गावठाणातल्या चर्चकडे येतो. ऑफिसात जाऊन कुटुंबाची नोंद करा. आणि फादरांना स्पष्ट सांगा की आईंना प्रवास झेपत नाही. घरी असलेल्या आजारी आणि वृद्ध माणसांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घरी आणून देतात. मागितलं नाही तर कोणाला कळणार?

ए-१०३: आणखी एक. मुलांचं फर्स्ट कम्युनियन, पुढे लग्न, काहीही असलं तरी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. मूळ नोंद जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्याच रजिस्टरमध्ये राहते. दृढीकरण (कन्फर्मेशनचा संस्कार), लग्न वगैरे पुढे तिथेच लिहिलं जातं. म्हणून घरातली जुनी पिवळी पडलेली प्रत चालत नाही, तिथून ताजी मागवावी लागते. नवीन ठिकाणी आलेली माणसं हमखास इथे अडकतात. आत्ताच पत्र टाकून ठेवा.

बी-४०२: काका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. खूप आभार. आमच्या मेथडिस्टांत आधीच्या मंडळीचं पत्र आणतात, तेवढंच ठाऊक होतं.

डी-६०४: हो, पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र मागवून घ्या. पण त्यासाठी थांबू नका हं, यायला पत्र लागत नाही.

सी-३०१: एक शंका, राग मानू नका. शाळेच्या हॉलमध्ये भरतं त्याला चर्च म्हणायचं का? शिखर नाही, घंटा नाही.

डी-६०४: राग कसला काकू. आमच्या आईलाही हाच प्रश्न पडला होता. पहिली जवळजवळ तीनशे वर्षं बहुतेक मंडळ्या घरांतच भरत होत्या. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात, १६ व्या अध्यायात, प्रिस्का आणि अक्विला या नवराबायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलाय. सीरियात दुरा-युरोपस नावाच्या ठिकाणी उत्खननात तिसऱ्या शतकातलं तसं एक घर सापडलं. साधं राहतं घर, पण दोन खोल्यांमधली भिंत काढून एक मोठी खोली केलेली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. लोक वाढले म्हणून भिंत पाडली! मला तर आपल्याच बिल्डिंगमधल्या कोणाचं तरी घर वाटतं ते. आमची मंडळीही दीड वर्ष एका घरच्या हॉलमध्येच भरायची, माणसं जिन्यात बसायला लागली तेव्हा शाळेत गेलो.

सी-३०१: छान माहिती मिळाली. धन्यवाद.

ए-७०१: मला एक कडू बोलायचंय. नवीन वस्तीत प्रार्थनेचे गट भराभर सुरू होतात. बरेच चांगले असतात, सगळे नसतात. आधीच्या शहरात आम्ही एका गटात जायचो. सुरुवातीला इतकं प्रेम मिळालं की आम्ही भारावून गेलो. मग दशांश, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा, कोणी किती दिला हे सगळ्यांसमोर बोललं जाऊ लागलं. आई आजारी पडली तेव्हा औषधं बंद करा, विश्वास कमी पडतोय, असं सांगितलं. आम्ही बाहेर पडलो तर सगळ्यांनी बोलणंच टाकलं. म्हणून सांगते ताई, जिथे जाल तिथे विचारा. हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांसमोर वाचतात का? पाळक चुकला तर त्याला जाब विचारणारं वर कोणी आहे का? मुलांच्या वर्गात एकटाच मोठा माणूस असतो की दोघं? नीट मंडळी असेल तर या प्रश्नांचा राग येत नाही.

डी-६०४: अगदी बरोबर ताई, आणि जे झालं त्याचं फार वाईट वाटलं. आमचा हिशेब वार्षिक सभेत वाचतात, वर्गात कायम दोघं असतात. आमच्या पाळकांनाही हे जरूर विचारा, मी ओळख करून देतो.

बी-४०२: मनावर घेतलं ताई. आई आता बऱ्या आहेत ना?

ए-७०१: हो ग, आता ठणठणीत आहे.

बी-४०२: आता माझी खरी अडचण. सासूबाई कॅथलिक, मी मेथडिस्ट, मुलं लहान. एका घरातून दोन दिशांना जायचं का? आणि मी मिस्सेला गेले तर कम्युनियनच्या वेळी काय करू?

ए-१०३: जागेवर बसून प्रार्थना करायची, कोणी वाईट मानत नाही. दुसऱ्या पंथाच्या माणसाने आमच्याकडे सहसा कम्युनियन घ्यायचं नसतं, ते दुखतं हे मला माहीत आहे, माझ्या जावयाचंही तेच आहे. पण वेळेचा तोडगा आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. आईंना घेऊन शनिवारी इकडे या, रविवारी तुम्ही शाळेत जा. आमच्या घरी चार वर्षं असंच चाललंय.

बी-४०२: हे डोक्यातच आलं नव्हतं! मुलांचं काय ते आम्ही दोघं बसून ठरवू.

ए-१०३: अजून एक सांगतो, जरा लांबेल. इथे आलो तेव्हा सहा महिने मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि संपलं की घरी यायचो. कोणी ओळखलं नाही. मनात धरलं होतं की इथली माणसं कोरडी आहेत. मग एकदा वाचन करणारे आले नव्हते, मी उठून वाचलं. त्या दिवशी दारात पाच जण थांबले. नंतर तापाने दोन रविवार गेलो नाही तर घरी फोन आला. तेव्हापासून चर्च माझं झालं. म्हणून पहिल्या रविवारी मत बनवू नका. काहीतरी काम अंगावर घ्या, खुर्च्या लावायचं का असेना.

बी-४०२: काका, हे वाचून वडील आठवले. ते आमच्या मंडळीत क्लास लीडर, म्हणजे एका छोट्या गटाचे प्रमुख, होते आणि मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची एक गोष्ट सांगायचे. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. गोळा करणारे दारोदार जाऊ लागले तेव्हा कळलं की कोण आजारी आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोण दारूत बुडालाय. तिथून क्लासची पद्धत पक्की झाली. वडिलांकडेही एक वही असायची, बारा घरांची. कोणी दिसलं नाही की दुपारी सायकल काढायचे. मला तीच वही हवीय इथे. ज्या ठिकाणी आमचं नाव कोणाच्या तरी वहीत येईल तिथे जायचं.

डी-६०४: ताई, आमच्याकडे वही नाही, पण आता करायला हवी. रविवारी सव्वाआठला गेटवर भेटू?

बी-४०२: नक्की. पण आधी शनिवार.

ए-१०३: शनिवारी साडेपाचला आमच्या गाडीने जाऊ. आईंना पुढे बसवा. बाजूच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत, कठडा उजव्या हाताला.

बी-४०२: काका, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कपाटातून मिस्साचं पुस्तक काढून ठेवलंय आणि विचारतायत, आज वार कोणता.