अकरा महिन्यांचा भाडेकरार नाशिकने आता सोडावा का?

इंदिरानगरवाली

नाशिकमध्ये फ्लॅट भाड्याने घ्यायला गेलं की एजंट पहिल्यांदा भाडं सांगतो, मग डिपॉझिट, आणि शेवटी उभ्या उभ्या म्हणतो, "करार अकरा महिन्यांचा होईल." अकराच का, हे कोणी विचारत नाही.

कारण जुनं आहे. नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी चुकवायची म्हणून देशभर अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं की मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिने केल्याने इथे काहीच वाचत नाही.

उलट खर्च वाढतो. १५,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट धरा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून. ३६ महिन्यांच्या कराराला साधारण १,३९० रुपये मुद्रांक आणि १,००० नोंदणी फी. अकरा महिन्यांचा करार तीनदा केला तर मुद्रांक आणि फी मिळून ४,२०० च्या वर जातात, एजंटचे वेगळे. कायद्यात ६० महिन्यांपर्यंत लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी) करता येतं.

माझा प्रस्ताव: तीन वर्षांचा करार, दरवर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहिलेली, दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस. आमच्या मालकांनी गेल्या नूतनीकरणाला चौदाचे थेट सतरा हजार मागितले, कारण वरच्या मजल्यावर नवीन आलेले लोक तेवढे देतात. मुलीची शाळा वडाळा-पाथर्डी रस्त्यावर, व्हॅन ठरलेली. अशा वेळी आईबाप "बरं" म्हणण्याशिवाय काय करणार? शहरात भाडी वाढतील, वाढू देत. किती वाढणार हे वर्षभर आधी कळावं, एवढंच मागणं आहे.

निवृत्त बँकवाला

ताई, हिशोब बरोबर मांडलात, पण एका बाजूचा. गंगापूर रोडला माझा एक फ्लॅट आहे. आज विकला तर साठ लाख येतील, भाडं येतं १६,०००. वर्षाचे झाले १,९२,०००, म्हणजे ३.२ टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, दर दोन भाडेकरूंमागे रंग आणि नळ-फिटिंग. आयकरात ३० टक्के वजावट मिळते हे खरं, तरी हातात मुदत ठेवीपेक्षा खूपच कमी राहतं. आम्ही हे सोसतो ते जागेची किंमत वाढेल म्हणून आणि जागा हवी तेव्हा मोकळी होईल म्हणून. मुलगा पुण्याहून परत यायचं म्हणतोय. तीन वर्षं बांधून घेतलं आणि तो सहा महिन्यांत आला तर मी त्याला कुठे ठेवू?

आणि भीती उगाच नाही. माझ्या वडिलांचा रविवार पेठेत वाडा होता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखालचे भाडेकरू तिथे तीन पिढ्या राहिले. जे भाडं यायचं त्यात कौलं शाकारता येत नव्हती. जुन्या नाशिकमध्ये दर पावसाळ्यात वाड्यांच्या भिंती पडतात आणि महापालिका धोकादायक घरांच्या नोटिसा लावते, त्यामागे हीच गोष्ट आहे. ज्याने ती पाहिली तो "तीन वर्षं" ऐकून दचकणारच.

इंदिरानगरवाली

काका, वाड्याचं दुःख मला मान्य आहे. पण ते भाडेकरू होते, तुमचा गंगापूर रोडचा माणूस लायसन्सवर आहे. त्याला संरक्षित भाडेकरूचा हक्क मिळत नाही, तीन वर्षं राहिला तरी. आणि मुलासाठीच तर दोन महिन्यांची नोटीस ठेवली आहे.

कोर्टाच्या पायरीवर

वकिली करतो म्हणून थोडं स्पष्ट करतो. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २४ घरमालकाच्या बाजूचं आहे. मुदत संपली की लायसन्सीने, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याने, जागा सोडायची. नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागते. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. समोरच्याला बचाव करायचा असेल तर आधी परवानगी मागावी लागते. नोटरीच्या कागदावर फ्लॅट देणारे मालक हे सगळं संरक्षण स्वतःहून घालवतात. कारण करार नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, असंही कलम ५५ मध्येच आहे.

मात्र बँकवाल्या काकांच्या आक्षेपात दम आहे. कलम २४ ची भाषा "मुदत संपल्यावर" अशी आहे. तीन वर्षांच्या करारात पाचव्या महिन्यात भाडं थांबलं, तर मालकाला आधी करार संपवून दाखवावा लागतो आणि तिथे वादाला जागा राहते. अकरा महिन्यांत ही मुदत लवकर येते. म्हणून लांब करार करायचा तर "सलग दोन महिने भाडं थकल्यास लेखी नोटिशीने लायसन्स संपुष्टात" ही अट शब्दशः घाला. ऑनलाइन नोंदणीत छापील अटींबरोबर आपल्या अटीही टाकता येतात. बहुतेक एजंट तो भाग रिकामा सोडतात.

अंबड फर्स्ट शिफ्ट

मी भाडेकरू आहे आणि माझा या प्रस्तावाला विरोध आहे. एमआयडीसीत आमच्यासारखी कंत्राटी पोरं हजारोंनी आहेत. माझं स्वतःचं कंत्राटच सहा-सहा महिन्यांचं. तीन वर्षांची सही मी कशाच्या जोरावर करू? पाथर्डी फाट्याला आम्ही चौघं टू बीएचकेत राहतो. नोटिशीची अट लिहिलेली असते, पण खोली सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे, साफसफाईचे, "अचानक सोडल्याचे" कापून घेतात. मागच्या जागी ४०,००० दिले होते, २६,००० हातात आले. कागदावर तीन वर्षं असती तर आणखी कापले असते.

आमची अडचण मुदत नाहीच, ताई. आमची अडचण आहे "फक्त फॅमिली". सिडकोपासून गोविंदनगरपर्यंत फोन लावा, पहिला प्रश्न तोच. शिफ्ट संपवून रात्री साडेबाराला गेटवर आलो की वॉचमन वहीत नाव लिहून घेतो. बॅचलरना जी घरं मिळतात ती उरलेली, आणि भाडं माणशी लावतात. जास्त पैसे आम्हीच देतो.

सोसायटी सेक्रेटरी, कॉलेज रोड

वही मीच ठेवायला लावली आहे आमच्याकडे, आणि ती ठेवणार. खाली क्लासेस, वर पीजी, पार्किंगमध्ये तीस दुचाकी. कायमच्या राहणाऱ्यांनीही जगायचं आहे. पण या भावाचं एक म्हणणं मला पटतं. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवणं पुरे. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तो शासन निर्णय २००१ चा आहे. बॅचलर नको असा ठराव आमच्याही सभेत आला होता, मी तो मांडू दिला नाही.

पंचवटीतला

तुम्ही सगळे २०२७ विसरताय. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला आहे. तपोवन, पंचवटी, म्हसरूळच्या बाजूला मालक आत्ता लांब करार करायलाच तयार नाहीत. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवसांत रोजावर खोली दिली तर महिन्याचं भाडं दोन दिवसांत निघेल असा सगळ्यांचा होरा आहे. २०१५ ला आमच्या गल्लीत दोघांनी याच आशेने घरं रिकामी केली. पर्वणीला रस्ते बंद, गाड्या शहराबाहेर अडवलेल्या, माणसं घाटावरून सरळ परत. दोन्ही घरं दिवाळीपर्यंत रिकामी होती. यावेळीही जो चांगला भाडेकरू काढून घर रिकामं ठेवेल त्याचं नुकसान होईल, असं मला स्पष्ट वाटतं. आणि आत्ता जी कुटुंबं बाहेर पडतायत ती आडगाव, मखमलाबादकडे सरकतायत, तिथली भाडी त्यामुळे चढली.

किल्ली माझ्याकडे

एजंट बोलतोय. नूतनीकरणाला अर्ध्या महिन्याची दलाली आम्ही घेतो, नाकारत नाही. पण त्यात काम असतं. मालक मुंबईला, त्यांची पंच्याहत्तरीची आई इथे सहमालक. नोंदणीसाठी अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून मी तीन वेळा घरी लॅपटॉप घेऊन गेलो, कोमट पाण्याने हात धुवायला लावले, मग एकदाचा उमटला. हे घरबसल्या कोण करून देणार?

तीन वर्षांचा करार मालक का नाकारतात ते सांगतो. मुंबईच्या लोकांनी इथे गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी फ्लॅट कुलुपात आहेत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती. त्या मालकांना भाड्यापेक्षा कोरा फ्लॅट विकणं महत्त्वाचं वाटतं. गिऱ्हाईक आलं की ताबा हवा. त्यांना ५ टक्के वाढ लिहून देऊन उपयोग नाही.

सातपूरची आई

नोटरी करारावर कोणीतरी बोला. आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याखाली) शाळाप्रवेशासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागतात. आमच्याकडे पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरीचा होता. मालक म्हणाले, "चालतं सगळीकडे." कागदपत्र पडताळणीत अर्ज बाद झाला. मुलाचं एक वर्ष त्या कागदापायी गेलं. तीन वर्षं की अकरा महिने हा वाद नंतर घाला, आधी नोंदणी तरी करा.

पाहुणा_पुणे

केंद्राने २०२१ मध्ये डिपॉझिट दोन महिन्यांवर आणलं ना? मग चाळीस हजार कसे घेतात?

कोर्टाच्या पायरीवर

तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. इथे आपला १९९९ चाच चालतो. अंबडच्या मित्राला सल्ला: ताबा घेताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको.

इंदिरानगरवाली

अंबडच्या भावाचं बरोबर आहे, तीन वर्षं सगळ्यांवर लादू नयेत. मुदत भाडेकरूने निवडावी: अकरा, चोवीस किंवा छत्तीस. वाढ मात्र पहिल्या दिवशीच लिहिलेली हवी, यावरून मी हटणार नाही. आणि सातपूरच्या ताई, नोंदणी आधी, हे शंभर टक्के.

निवृत्त बँकवाला

चोवीस महिने मी देईन. वाढ ५ नाही, ७ टक्के. थकबाकीची अट वकीलसाहेबांनी सांगितली तशी, आणि मुलगा आला तर तीन महिन्यांची नोटीस देईन, दोन नाही, म्हणजे समोरच्यालाही घर शोधायला वेळ मिळेल. सध्याच्या भाडेकरूंचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. त्यांना विचारतो.