भिंतीतले पाईप धाडधाड वाजतात आणि गरम पाणी मधेच गार मधेच कढत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो, सात मजली बिल्डिंग आणि आमचा फ्लॅट सातव्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. गच्चीवर गार पाण्याची टाकी आणि सोसायटीचं कॉमन सोलर, दोन्हीच्या लाईन डक्टमधून वेगवेगळ्या खाली येतात. शॉवरपासून टाकी जेमतेम चार मीटर वर, दहा मीटरला एक बार धरला तर आमच्याकडे अर्धा बारही प्रेशर येत नाही. म्हणून दिवाळीच्या आधी गार पाण्याच्या लाईनवर अर्धा एचपीचा प्रेशर पंप बसवून घेतला. सोलरच्या लाईनला पंप नाही, त्याला लागत नाही असं प्लंबर म्हणाला.

तेव्हापासून दोन त्रास मागे लागलेत.

एक आवाजाचा. वॉशिंग मशीन पाणी भरून थांबलं की भिंतीत धाडकन ठोका बसतो, कोणी पलीकडून हातोडी मारावी तसा, बेसिनवरच्या काचेच्या फळीवर ब्रश ठेवलेला ग्लास हलतो. सिंगल लिव्हरचा नळ खटकन बंद केला तरी तेच, सावकाश बंद केला तर काही नाही. शिवाय गरम पाणी वापरून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं डक्टकडून टक... टक... टक असा बारीक आवाज येत राहतो. खाली सहाव्यावर जे काका आहेत त्यांची बायपास झालीये, पहाटे मशीन लावलं की ते दचकून उठतात असं काकूंनी सांगितलं, त्यामुळे आता मी मशीन दुपारीच लावते.

दुसरा त्रास जास्त काळजीचा. सासूबाई ७९ वर्षांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालंय, स्टुलावर बसून आंघोळ करतात. त्यांच्यासाठी मिक्सरला (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) हँड शॉवर लावलाय, मुठीजवळ बटण असलेला, म्हणजे साबण लावताना पाणी थांबवता येतं. पण परत सुरू केलं की आधी गार पाणी येतं, मग त्या गरमकडे फिरवतात आणि एकदम कढत धार अंगावर येते. मागच्या आठवड्यात मांडी लालबुंद झाली होती. आता त्यांची आंघोळ होईपर्यंत मी दाराबाहेर उभी असते.

मी केलेले उद्योग असे. शॉवरची जाळी काढून बघितली, आत पांढरे कण, साबुदाण्याएवढे, लिंबू पिळलं तर फसफसले म्हणजे क्षार नक्की (आमच्याकडे बोअर आणि टँकरचंच पाणी). जाळी साफ केली, फरक शून्य. मग १० लिटरची बादली लावून मोबाईलवर वेळ मोजली, नुसतं गार ५० सेकंदात भरतं, नुसतं गरम २ मिनिटं १० सेकंदात. पण नुसतं गरम सोडलं तर बारीक का होईना एकसारखं येतं! गडबड होते ती मिक्स केल्यावरच. म्हणून मला प्लंबरचं पटत नाहीये, तो म्हणतो भिंतीतली गरमची लाईन चोक झालीये, टाईल्स फोडून सगळी बदला.

हल्ली सोसायटीच्या ग्रुपवर आमच्याच बाजूचे खालचे लोक सकाळी सोलर गार येतंय म्हणून ओरडतायत, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. टाईल्स फोडायच्या आधी काय तपासू? कृपया कळवा.

प्रतिसाद:
ताई, टाईल्स अजिबात फोडू नका. दोष त्या बटणात आणि पंपात आहे. बटण दाबून पाणी थांबवलं तरी मिक्सर उघडाच असतो ना, मग गारची लाईन पंपाच्या जोरावर आणि गरमची नुसत्या उताराची, गार पाणी मिक्सरमधून उलटं गरमच्या पाईपात शिरतं. बटण सोडलं की आधी तेच गार बाहेर येतं आणि ते संपलं की मागचं खरं सोलरचं पाणी. खालच्यांना गार येतंय तेही बहुतेक तुमच्याच घरातून. खात्री करायची तर मिक्सर उघडा ठेवून बटणाने पाणी बंद करा, डक्टमधला गरमचा कॉक बंद करा आणि किचनचा गरम नळ सोडा. धार थांबली पाहिजे. चालूच राहिली तर समजा की गार पाणी मिक्सरमधून उलटं येतंय.
धाडकन आवाज पंपामुळे, पाणी जोरात धावतंय आणि मशीनचा व्हॉल्व्ह क्षणात बंद होतो. मशीनचा कॉक अर्धा बंद करा, पंपाचं प्रेशर कमी करून घ्या, डक्टमधले क्लॅम्प सुटलेत का बघा. टक टक वेगळं, तीन मीटर सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिकचा) पाईप ४० अंशांनी तापला की सात-आठ मिलिमीटर वाढतो आणि गार होताना तेवढाच आखडतो, तेव्हा भिंतीच्या भोकाला घासतो. तिथे आवळून क्लॅम्प मारू नका, पाईपला सरकायला जागा ठेवा.

प्रतिसाद (धागाकर्ती):
दादा, खूप खूप आभार. आत्ताच करून बघितलं. डक्टमधला गरमचा कॉक बंद, आणि किचनच्या गरम नळाला धो धो पाणी, तेही थंडगार, आणि वर पंप घुर्र करून सुरू! मिस्टर बघतच राहिले. म्हणजे महिनाभर खालच्या सगळ्यांना आमच्यामुळे गार पाणी मिळत होतं, ग्रुपवर लगेच सांगून माफी मागितली. बटणाचा शॉवर काढून साधा लावलाय, पाणी मिक्सरवरूनच बंद करायचं असं ठरलंय. मशीनचा कॉक अर्धा केल्यावर ठोका निम्म्याहून कमी झाला, क्लॅम्पसाठी उद्या माणूस येतोय.

आता एकच विचारायचंय. गरमच्या लाईनला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) टाकला तर पाणी उलटं जायचं थांबेल हे कळलं, पण मिक्स करताना गारचा जोर तसाच राहणार ना? सासूबाईंच्या बाथरूमला गार पाणी पंपाच्या आधीच्या लाईनवरून घेऊ, म्हणजे दोन्ही उताराचंच, की गरमलाही गरम पाण्याचा वेगळा पंप लावू? धार बारीक असली तरी त्यांना चालेल, चटका नको. कोणी घरी असं करून घेतलं असेल तर सांगा, उद्याच्या माणसाकडूनच काम करून घेईन.