काजू कारखान्याच्या कोब्यावरील इपॉक्सीला पावसाळ्यात फोड : पुन्हा करताना तळाची तयारी कशी करावी?

विचारणा (लांजा, जि. रत्नागिरी)

नमस्कार. आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. प्रतवारी आणि पॅकिंगच्या खोलीत, सुमारे १,२०० चौरस फुटांवर, गेल्या वर्षी मे महिन्यात इपॉक्सी (दोन द्रव मिसळून जमिनीवर देतात तो घट्ट, पाणी न झिरपणारा लेप) करून घेतली. कोबा पाच इंची असून तेव्हा वर्षभराचा होता. काम करणाऱ्यांनी ओलावा मोजण्याचे यंत्र जमिनीवर टेकवून ३ टक्के आकडा दाखवला, ॲसिडने जमीन धुतली आणि दोन दिवस वाळू देऊन काम उरकले. जून-जुलै निभावले, पण ऑगस्टमध्ये बोराएवढे, मग लिंबाएवढे फोड उठू लागले. एक फोड सुईने टोचला, तर आतून पिवळसर पाणी आले. बोटांना ते साबणासारखे बुळबुळीत लागले आणि थोड्या वेळाने बोटे चुरचुरली. छप्पर गळत नाही, खोलीत पाणी वापरले जात नाही. सगळे उखडून पुन्हा करायचे तर जमिनीची तयारी कशी करावी, आणि गणपतीनंतर लगेच काम घेता येईल का?

प्रतिसाद १ (स्थापत्य अभियंता, रत्नागिरी)

आपण सांगितलेल्या त्या बुळबुळीत पाण्यातच उत्तर आहे. पुढचा फोड टोचाल तेव्हा हातमोजे घाला आणि त्या पाण्यात लाल लिटमस कागद बुडवा. तो निळा झाला, तर ते पाणी कोब्याच्या पोटातून सिमेंटमधील अल्क (अल्कली) विरघळवत वर आले आहे, असे समजावे. उघड्या कोब्यातून ही ओल वाफ होऊन निघून जाते आणि आपल्याला कळतही नाही. इपॉक्सीने तोंड बंद केले की ती थराखाली अडते, आणि अल्क व क्षार मिसळलेले ते पाणी आणखी पाणी आपल्याकडे ओढून घेते, म्हणून फोड दिवसेंदिवस मोठा होतो.

मे महिन्यातला तो ३ टक्के आकडा खोटा नव्हता, पण तो निरुपयोगी होता. टेकवायचे यंत्र वरच्या जेमतेम इंचभराचीच ओल सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात तर जमीनही वर्षातली सर्वांत कोरडी असते. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस त्यात मुरत जातो आणि जोत्याखालच्या भरावात ओल चढायला ऑगस्ट उजाडतो. म्हणून कोकणात तळमजल्याच्या कोब्याची परीक्षा भर पावसाळ्याच्या अखेरीस घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. साधी परीक्षा म्हणजे इपॉक्सी काढलेल्या भागावर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवणे. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळसर पडला, तर ओल आहे. मात्र प्लास्टिक कोरडे निघाले म्हणून निर्धास्त होऊ नये. खरी मोजणी कोब्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर, म्हणजे आपल्याकडे दोन इंच छिद्र पाडून, त्यात संवेदक बसवून किमान २४ तासांनी आतली सापेक्ष आर्द्रता वाचल्यावर होते.

त्याआधी एका कोपऱ्यात कोबा आरपार कापून पाहा. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला नसेल, तर वाळण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे, कारण जमीन दर पावसाळ्यात नवे पाणी देणारच. मग ओलावा रोखणारा इपॉक्सी प्रायमर (मुख्य थराखालचा पहिला हात) किंवा इपॉक्सी-सिमेंटचा सुमारे २ मिलिमीटरचा थर वरूनच द्यावा लागेल.

प्रतिसाद २ (औद्योगिक फरशीचे काम करणारा, चिपळूण)

अभियंता साहेबांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. फक्त पृष्ठभागाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वोत्तम प्रायमरही सिमेंटच्या सायीवर, म्हणजे कोब्याच्या वरच्या कच्च्या पापुद्र्यावर, टिकत नाही. ॲसिडने धुणे आमच्या दमट हवेत मी पूर्ण सोडले आहे. त्याने आधीच ओल्या कोब्यात आणखी पाणी मुरते आणि छिद्रांत क्षार उरतात. हिऱ्याच्या चकत्यांच्या यंत्राने घासावे, किंवा जाड थर द्यायचा असेल तर शॉट ब्लास्टिंग (पोलादी छऱ्यांचा मारा) करावे. हात फिरवल्यावर जमीन बारीक सँडपेपरसारखी खरखरीत लागली पाहिजे आणि वर टाकलेला पाण्याचा थेंब मोत्यासारखा न राहता आत शोषला गेला पाहिजे. झाडू मारू नये, धूळ व्हॅक्यूमनेच ओढावी. काजूच्या टरफलाचे तेल जिथे सांडले असेल तिथे नुसते घासून भागत नाही. तेवढा कोबा तोडून नवा भरावा.

हवेबद्दल एक हिशेब सांगतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २६ अंश येतो. जमिनीचे तापमान त्याहून किमान ३ अंश वर, म्हणजे २९ च्या पुढे हवे. सकाळी सावलीतला कोबा बहुधा २७ च्या आसपास असतो, म्हणजे डोळ्यांना कोरडा दिसला तरी काम करण्याजोगा नसतो. शिवाय सकाळी कोबा तापत जाताना छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि प्रायमरमध्ये बारीक बुडबुडे उठतात. म्हणून मी प्रायमर दुपारी तीननंतर, जमीन निवायला लागताना मारतो आणि दर तासाला दवबिंदू पाहत राहतो. खोली तापवायला गॅसची शेगडी कदापि पेटवू नये. त्यातून निघणारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरला (इपॉक्सी घट्ट करणाऱ्या द्रवाला) लागून वर चिकट पांढरट पापुद्रा येतो. गणपतीनंतर लगेच हवा अजून जड असते, तेव्हा उखडणे व घासणे करून घ्या आणि थर दिवाळीनंतर द्या.

प्रतिसाद ३ (वेंगुर्ले)

जमिनीआधी भिंतीबाहेर पाहावे, ही विनंती. आमच्या शेडमध्ये सगळे फोड एकाच भिंतीलगत होते, कारण पागोळ्यांचे पाणी तिथेच जोत्याला लागून मुरत होते. पन्हळ बसवून पाणी गटारापर्यंत नेले, तेव्हा त्या बाजूची ओल बरीच कमी झाली. काजू वाफवण्याच्या खोलीत मात्र इपॉक्सीचा हट्ट धरू नका. तिथे पॉलियुरेथेन-सिमेंटची फरशी उष्णता आणि पाणी अधिक सोसते.

मूळ विचारणाकर्त्याचा खुलासा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल उत्तरेकडच्या कोपऱ्यात कोबा कापला. खाली कागद नाही, थेट मुरूम आहे, आणि मुठीत दाबला की त्याचा लाडू वळतो. दोन ठिकाणी प्लास्टिक लावले होते. दाराजवळचे कोरडे निघाले, पण त्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकखाली आज सकाळी कोबा काळा पडला होता आणि थेंब जमले होते. त्या भिंतीच्या बाहेर पन्हळ नाही. ती या आठवड्यात बसवतो, घासण्याचे काम गणपतीनंतर घेतो, आणि संवेदकाचे आकडे हाती आले की ते इथे लिहितो, म्हणजे प्रायमरचे किती हात द्यावेत हे आपल्याला विचारता येईल.