शास्त्रीय व्हायोलिन शिकलेय, आता बँडमध्ये वाजवायचंय, सुरुवात कुठून करू?

मानेवाड्याची_व्हायोलिनवाली:
नमस्कार मंडळी. लहानपणापासून हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय, गांधर्वची विशारद परीक्षा झाली, सरांकडे रियाज अजून चालूच आहे. आता कॉलेजच्या पोरांनी बँडमध्ये बोलावलंय, गिटार, बास, ड्रम्स, कीबोर्ड आणि एक गाणारा. प्रॅक्टिसला जाऊन आले, खूप आवडलं पण गोंधळ उडतो. एक गाणं ई मायनर पट्टीत, लगेच दुसरं जी मेजरमध्ये, आणि आम्ही कायम पांढरी दोनचा (पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरून चार तारा प-सा-प-सा मिळवलेल्या. कीबोर्डसोबत शुद्ध गंधारावर थांबले की टोचतं, कीबोर्डवाला म्हणते तू उतरून वाजवून राहिली आणि मला त्याचाच सूर चढा वाटतो. वरून उभं राहून वाजव म्हणतात. सरांना अजून सांगितलं नाही, ते टेन्शन वेगळंच. कोणी या वाटेनं गेलंय का?

चार_तारा:
ताई मी गेलोय, आणि सगळ्यात आधी सांगतो की तुझा कान बरोबर आहे. तानपुऱ्यातून जो गंधार ऐकू येतो त्याच्यापेक्षा कीबोर्डचा गंधार साधारण 14 सेंट चढा असतो, 100 सेंट म्हणजे अर्धा सूर, म्हणजे फरक बारीक आहे पण तुझ्यासारख्या कानाला टोचणारच. कीबोर्ड काही हलणार नाही, तुला हलावं लागेल. कीबोर्डवाल्याला नुसता मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) दाबून ठेवायला सांग आणि त्याच्यावर गंधार लांब गजाने धर, बोट किंचित पुढे सरकव, थोड्या दिवसात दोन्ही गंधार हाताला वेगवेगळे कळायला लागतात. घरी तानपुरा लावला की परत आपला गंधार, तो सोडायचा नाही.

तारांचं सोपं आहे. तुझा सा पांढरी दोन म्हणजे डी. मधल्या दोन तारा डी आणि ए आहेतच, त्यांना हात लावू नको. खालची पंचमाची तार ए वरून एक सूर उतरवून जी कर, वरची सा ची तार एक सूर चढवून ई कर, झालं जी-डी-ए-ई. मग कुठल्याही दोन शेजारच्या तारांत पंचमाचंच अंतर राहते, त्यामुळे एकदा बसवलेली बोटं बाजूच्या तारेवर तशीच चालतात. ई मायनर असलं तर पांढरी तीनला सा मान, जी असलं तर पांढरी पाचला, आणि जे पलटे (सरावाचे सूरक्रम) तू झोपेतही वाजवशील तेच तिथून वाजव. कंटाळवाणं आहे पण याला दुसरा उपाय नाही.

आणि गिटारवाला मायनर पेंटॅटोनिक (पाच सुरांची पट्टी) म्हणाला की घाबरू नको, सा ग म प नी, ग आणि नी कोमल, म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर.

ठेका_नागपूर:
मी तबल्यावरून आलो म्हणून लयीचं बोलतो. आपल्याला सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची सवय, तिकडे ड्रमरच्या स्नेअर ड्रमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर पडते, सुरुवातीला तिथंच सम समजून लोक घसरतात. ड्रम्सजवळ बसून नुसतं ऐक आणि पायाने पहिली बीट धर. केरवा ताल येत असेल तर त्याच्या 8 मात्रा चार बीटच्या एका बारमध्ये (त्यांच्या एका आवर्तनात) बरोबर बसतात. तिहाई (एकच तुकडा तीनदा) 16 मात्रांत बांधली की दोन बार होतात आणि ती समेवर पडली की पब्लिक उसळते. पण प्रत्येक गाण्यात तिहाई नको बरं का. गाणारा गाऊन राहिला तेव्हा चूप राहणं हेच बँडमध्ये सगळ्यात कठीण आहे, आपल्याला एकट्यानं तासभर मैफल भरून काढायची सवय असते ना. त्याची ओळ संपली की दोन बार तुझे, तेवढ्यात एक मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) अशी घे की लोक तुझ्याकडे पाहतील.

महालातला_श्रोता:
बाळ, सरांना आधी सांग. बाहेरून कळलं तर त्यांना जास्त लागेल. आपल्याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव देशपांडे ठुमरी, गझल, नाट्यसंगीत सगळं गायले, कुठेच सूर पातळ झाला नाही. मैफलीइतकंच नाटकही त्यांनी गाजवलं. तू सरांना एवढंच सांग की सकाळचा रियाज चुकणार नाही, आणि खरंच चुकवू नको.

मानेवाड्याची_व्हायोलिनवाली:
काका, उद्याच बोलते सरांशी. दादा, तारा लगेच मिळवून पाहिल्या, खरंच दोनच बदलाव्या लागल्या! उभं राहण्याचं काय करू पण? पायावर टेकवून वाजवायची सवय, हनुवटीत धरलं की डावा हात व्हायोलिन सांभाळण्यातच जाते आणि मींड तुटते.

साउंडवाला_भाऊ:
तर मग बसूनच वाजव ना. भारतीय संगीत आणि जॅझ मिसळणाऱ्या शक्ती बँडमध्ये एल. शंकर मांडी घालूनच व्हायोलिन वाजवायचे, बाजूला जॉन मॅक्लाफलिन गिटार घेऊन बसलेला. ऑर्गनायझरला फूट-दीड फूट उंच चौकी माग, मागून पण दिसशील. उभंच राहायचं असेल तर शोल्डर रेस्ट लाव, म्हणजे वजन खांद्यावर जाते आणि हात मोकळा राहते.

स्टेजवर साधा माइक समोर ठेवू नको, ड्रम्सचा आवाज त्यात घुसते आणि मॉनिटर (स्टेजवरचा स्पीकर) वाढवला की शिट्टी वाजते. ब्रिजवर (तारांखालच्या घोडीवर) लागणारा, थरथर पकडणारा पिकअप घे आणि मधे प्रीअँप (आवाज सुधारणारी डबी) लाव, नाही तर आवाज पत्र्यासारखा येते. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत व्हायोलिन सोडू नको, सरस सुटून जोड उघडते. कूलरच्या हवेसमोर पण नको, खुंट्या फुगून अडकतात आणि ऐन साउंडचेकला फिरत नाहीत.